रिव्हर्स गिअरमधलं नाताळचं गाणं

बेळगावच्या उत्तरेला, कंग्राळीच्या बाजूला तुम्ही कधी आलात, तर एखादा टेम्पो गल्लीतून मागं येताना कान देऊन ऐका. भर वैशाखातसुद्धा नाताळचं गाणं वाजत असेल. टेम्पोत शेणखत असेल, चालवणाऱ्याच्या कपाळाला भंडारा असेल आणि ते गाणं नाताळचं आहे हे त्याच्या गावीही नसेल. त्याच्या भावाच्या गाडीला तेच गाणं, चुलत्याच्या गाडीला तेच, पलीकडच्या गल्लीतल्या मांडववाल्याच्या टेम्पोलाही तेच. याला जबाबदार मी. हे मी अभिमानानं सांगतोय की कबुली देतोय, ते माझं मलाही अजून नीट ठरवता आलेलं नाही.

माझा धंदा ऑटो इलेक्ट्रिकचा. इंजिन, ब्रेक, क्लच हे फिटरचं खातं. दिवे, सेल्फ, बॅटरी, वायपर आणि हॉर्न हे आमचं. फिटरचे हात काळे होतात, आमचे भाजतात, एवढाच काय तो फरक. चाळीस वर्षं हे केलं. आता दुकान पुतण्या बघतो आणि मी शेजारी खुर्ची टाकून चुका काढतो.

रिव्हर्स हॉर्न म्हणजे काय, ते गाडी नसलेल्यांसाठी सांगतो. गाडी मागच्या गिअरमध्ये टाकली की गिअरबॉक्समधलं एक बटण दाबलं जातं आणि मागचा पांढरा दिवा लागतो. त्या दिव्याच्या वायरीला एक फाटा काढायचा, काळी वायर बॉडीला द्यायची आणि मध्ये मुठीएवढा एक काळा डबा बसवायचा. डब्यात नखाएवढी चिप असते आणि त्या चिपमध्ये गाणं. गाडी मागं येत असेपर्यंत ते वाजतं, म्हणजे मागं कुणी असेल तर बाजूला होतं. काम वीस मिनिटांचं. पण गिऱ्हाईक त्यानंतर अर्धा तास दुकानासमोर गाडी पुढं-मागं करत बसतं आणि त्याचे पैसे कुणी देत नाही.

या डब्यावरून मला गाडीची तब्येतही कळते. बॅटरी उतरलेली असेल तर गाणं रडत रडत येतं. पावसाचं पाणी शिरलं असेल तर त्याचा घसा बसतो. लांबून गाडी मागं येताना ऐकूनच मी सांगायचो, "आप्पा, बॅटरीत पाणी घाला." लोकांना वाटायचं, ह्याच्या अंगात काहीतरी आहे.

आता प्रश्न असा, की एवढ्या गाण्यांत हेच गाणं का टिकलं. त्याचं उत्तर माझ्या गिऱ्हाइकांनी एकेक करून मला शिकवलं.

सुरुवातीला माझ्याकडे आरतीचा हॉर्न होता. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्यानं नवी गाडी घेतली आणि मोठ्या भक्तीनं तो बसवून नेला. दोन दिवसांनी माणूस घामाघूम होऊन दारात. म्हणाला, घरी गाडी मागं घेत होतो, आरती वाजायला लागली, तशी आई सोप्यातून बाहेर आली आणि डोळे मिटून, हात जोडून बरोब्बर गाडीच्या मागं उभी राहिली. "हाका मारल्या तरी हलंना ओ. हे काढा आदी. देवाचं नाव घेत घेत आई जाईल माझी." ज्या डब्यानं माणूस बाजूला व्हायला हवा, त्या डब्यानं माणूस जागच्या जागी उभा राहायला लागला, तर तो डबा काय कामाचा. शिवाय देवाचं गाणं लावून मागं जायचं हे कुणालाच बरं वाटेना.

मग देशभक्तीचं गाणं आणलं. आमच्या भागात घरटी एक फौजी. पेन्शनवर आलेले एक सुभेदार ते ऐकून खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "आमच्या पलटणीत मागं जाताना गाणं म्हणत न्हाईत." तो हॉर्न मी त्याच दिवशी बंद केला.

मराठी गाणं लावावं, तर गाडी धारवाडकडे गेली की लोक वळून बघणार. कानडी लावावं, तर गल्लीतच कुणीतरी विचारणार, काय रं, पार्टी बदललीस व्हय. दुकानाच्या पाट्यांवरून इथं काय काय होतं ते सीमाभागातल्या वाचकाला सांगायला नको. हॉर्नवरून कोण डोकं फोडून घेणार? सिनेमाचं लावावं, तर पुढच्या दिवाळीपर्यंत ते शिळं होतं. राहता राहिलं हे एक गाणं. ते देवाचं वाटत नव्हतं, देशाचं नव्हतं, मराठी नव्हतं, कानडी नव्हतं. कुणाचंच नसल्यामुळं ते सगळ्यांना चाललं. एकदा एका गावातल्या साहित्य संमेलनात इंग्रजीच्या आक्रमणावर भाषण रंगात आलेलं असताना मांडवामागं खुर्च्यांचा टेम्पो हेच गाणं वाजवत मागं आला. वक्ते थांबले, गाणं संपू दिलं, आणि पुढं सुरू झाले. कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. टेम्पोला हॉर्न मीच बसवला होता, म्हणून मी तेवढा खाली बघत बसलो.

ते नाताळचं आहे हे मला मात्र पहिल्यापासून ठाऊक होतं. काम शिकलो ते कॅम्पातल्या एका गॅरेजात. समोर ख्रिस्ती लोकांची घरं. डिसेंबर लागला की एका घरात त्या गाण्याची रेकॉर्ड लागायची, ती नव्या वर्षापर्यंत थांबायची नाही. शब्द मला आजही येत नाहीत, पण चाल अंगात मुरली. आणि कान तसा तयार होता, कारण गावच्या भजनात मी पेटी वाजवतो.

म्हणूनच पुढचं सांगायला जड जातं. मालाचं पहिलं खोकं आलं तेव्हा एक डबा मी टेबलावर बॅटरीला जोडून ऐकला. पहिल्या दोन ओळी चोख. तिसऱ्या ओळीच्या शेवटी सूर वर चढून शुद्ध निषादावर थांबायला हवा, तिथं कोमल निषाद. पेटीच्या भाषेत सांगायचं तर पांढऱ्या पट्टीऐवजी शेजारची काळी. चिप भरणाऱ्यानं कुठंतरी चूक केली होती आणि सगळ्या डब्यांत तीच चूक होती. मला ती लगेच ऐकू आली. मी स्वतःशी म्हटलं, गाडी मागं घेताना सूर कोण बघतंय. आणि बसवत सुटलो.

पाच-सहा वर्षांनी नवा माल आला, त्यात निषाद बरोबर होता. मला बरं वाटलं. पहिल्याच गिऱ्हाइकानं तो ऐकला आणि तोंड वाकडं केलं. "अण्णा, ह्यो हॉर्न बिघडलाय." मी म्हटलं, उलट आता सुधारलाय. तो म्हणाला, "न्हाय ओ, ऐकताना ठेच लागल्यासारखं हुतंय. आमचं जुनं बसवा." दुसरा तेच म्हणाला, तिसराही तेच. शेवटी बरोबर गाण्याचा सगळा माल मी माळ्यावर टाकला आणि चुकीचा मागवून घेतला. धंद्यात असं करावं लागतं, असं त्या वेळी मला वाटलं.

गाणं माणसांपुरतंही राहिलं नाही. कंग्राळीचे मारुती आप्पा दुधाचा धंदा करतात. त्यांचा टेम्पो पेंड घेऊन गोठ्यापाशी मागं यायचा तो गाणं वाजवत. म्हशींच्या डोक्यात ते इतकं बसलं की पुढं गल्लीत कुणाचीही गाडी मागं आली तरी आप्पांच्या सगळ्या म्हशी रेकायला लागायच्या. आप्पा माझ्यावर चिडायचे आणि म्हणायचे, एवढी पेंड मी कुठनं आणू?

हे असं मजेत चाललं होतं. चार-पाच वर्षांपूर्वी, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, दुकानासमोर एक स्कूटर थांबली. उतरल्या त्या बाई साठीच्या आसपासच्या, अंगानं किरकोळ, केस पांढरेशुभ्र. कंग्राळीची पुष्कळ मुलं ज्या इंग्रजी शाळेत जातात, तिथल्या संगीताच्या मार्था टीचर. त्यांनी नाव विचारलं आणि सरळ मुद्द्यावर आल्या.

"इकडच्या गाड्यांना ते ख्रिसमसचं गाणं तुम्ही घातलंत?"

मला वाटलं, आली पंचाईत. सणाचं गाणं खताच्या टेम्पोला लावलं म्हणून बाई भांडायला आल्या असणार. मी हात जोडून माफी मागायला लागलो. त्यांनी मला थांबवलं.

"टेम्पोला लावा, बैलगाडीला लावा, मला काही नाही. तिसरी ओळ चुकलीय."

मी खुर्ची पुसून पुढं केली. त्या बसल्या आणि त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला हसू येत होतं आणि हसायची चोरी होती. शाळेच्या नाताळच्या कार्यक्रमात ते गाणं दरवर्षी असायचं. त्यांनी एकदा दुसरं घ्यायचा प्रयत्न केला, तर आमच्याच गावचे पालक शाळेत गेले की आमचं गाणं का काढलं म्हणून. आणि गेली पंधरा वर्षं मुलं तिसरी ओळ चुकत होती. वर्गात दहादा घोटून घेतली की बरोबर यायची, दुसऱ्या दिवशी सकाळी परत चुकलेली. वर्ग बदलले, मुलं बदलली, चूक तीच. बाईंनी शाळेचा पियानो तपासून घेतला. मग स्वतःचा कान डॉक्टरला दाखवून आल्या. आपल्याला शिकवता येत नाही, असंच त्या धरून चालल्या होत्या. यंदा त्यांनी चिडून एका मुलीला विचारलं, तुला हे असं कुणी शिकवलं? मुलगी म्हणाली, "आमच्या टेम्पोनं, मिस."

त्या निवृत्त होणार होत्या. हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम. त्यानंतर त्या गोव्याला बहिणीकडे राहायला जाणार होत्या. एकदाच, फक्त एकदाच, मुलांच्या तोंडून ते गाणं बरोबर ऐकायचं आणि मग पियानो झाकायचा, एवढी त्यांची इच्छा. त्यासाठी कार्यक्रमापर्यंत गावातले हॉर्न बंद ठेवा, असं त्यांचं म्हणणं.

ते मला जमण्यासारखं नव्हतं. मागचा हॉर्न तोडायचा नाही हा माझा नियम आहे आणि त्याला कारण आहे. अनगोळच्या एका गृहस्थांनी डोकं दुखतं म्हणून हॉर्न तोडायला लावला. मी तोडला. आठवड्यात त्यांनी गाडी मागं घेताना स्वतःचं तुळशीवृंदावन पाडलं. रोज सकाळी त्यांची सून तिथं पाणी घालायला उभी असायची, त्या दिवशी नेमकी पाच मिनिटं उशिरा आली. त्या पाच मिनिटांनंतर मी कुणाचाही हॉर्न तोडलेला नाही. हे मी टीचरना सांगितलं. त्यांनी मान हलवली. मुलांपेक्षा गाणं मोठं नाही, म्हणाल्या, आणि उठायला लागल्या.

तिथं गप्प बसलो असतो तर सगळं निभावलं असतं. पण त्या बाई पंधरा वर्षं स्वतःला दोष देत होत्या आणि जाताना माझे आभार मानत होत्या, ते मला सोसेना. मी सांगून टाकलं की चूक मला माहीत होती.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

"व्हय, टीचर. पेटी वाजवतो मी."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी."

त्या रागावल्या नाहीत. स्कूटरची किल्ली हातात घेतली आणि म्हणाल्या, "न कळणाऱ्या माणसानं केलं असतं तर मी विसरून गेले असते."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या खूप शिव्या खाल्ल्या. एवढी कुठलीच लागली नाही. त्या गेल्या आणि मी शिडी लावून माळ्यावर चढलो.

बरोबर गाण्याचे डबे धूळ खात तिथंच पडले होते. बॅटरीला लावून एकेक बघितला, बरेचसे वाजले. दुसऱ्या दिवसापासून मी डबे आणि पक्कड घेऊन कंग्राळीत घरोघर फिरायला लागलो. मुलांच्या शाळेसाठी आहे, नाताळापुरतं बदलून देतो, फुकट देतो. फुकट म्हटल्यावर लोकांना जास्तच संशय आला. एकानं विचारलं, अण्णा, निवडणुकीला उभं राहताय काय? दुसरा म्हणाला, जुन्या हॉर्नमध्ये स्फोटबिट होतो का, खरं सांगा. पण मुलीच्या नाहीतर नातवाच्या मिसचं नाव काढलं की बोनेट उघडायचं, खरं तर हॉर्न मागं असतो, तरी सवयीनं उघडायचंच. चार दिवसांत चाळीसेक गाड्या झाल्या. मारुती आप्पांनी अडवून धरलं, तेव्हा त्यांची नात दारात कमरेवर हात ठेवून उभी राहिली. आप्पांनी निमूट टेम्पो पुढं आणला. नव्या गाण्यावर एकही म्हैस रेकली नाही. आठवडाभर गल्लीत इतकी शांतता होती, की आप्पांना चुकल्या-चुकल्यासारखं व्हायला लागलं.

टीचरना मी काही कळवलं नव्हतं. त्यांनाच वर्गात कळलं असावं. शाळेतल्या एका मुलाच्या हाती मला कार्यक्रमाचं आमंत्रण आलं, पाकिटावर माझं नाव त्यांच्या अक्षरात.

शाळेच्या मैदानावर मांडव, सकाळची वेळ, उन्हाची ऊब हवीहवीशी वाटणारी. अर्धी कंग्राळी आली होती. टेम्पोवाले इस्त्रीचे कपडे घालून पहिल्यांदाच इतक्या सरळ बसले होते. मुलं स्टेजवर चढली, टीचरनी आमच्याकडे पाठ करून हात वर केले आणि गाणं सुरू झालं. पहिली ओळ, दुसरी ओळ. तिसरी ओळ चढत गेली आणि मुलांचा आवाज निषादावर लख्ख जाऊन थांबला.

आणि त्याच क्षणी खालून, दीडदोनशे माणसांच्या तोंडून, कोमल निषाद आला.

म्हणा असं कुणी सांगितलं नव्हतं. पण त्यांचं गाणं होतं, रोजचं होतं, तोंडातून आपसूक निघालं. शब्द कुणाला येत नव्हते, सगळे ला-ला करत होते. हॉर्न मी बदलले होते, माणसं तीच होती. मुलं गोंधळली. आईबापांकडे बघून निम्मी खालच्या सुरात गेली, निम्मी वर राहिली आणि गाणं मोडलं.

टीचरनी हात खाली घेतले. मला वाटलं, संपलं, बाईंचं शेवटचं गाणंही आम्ही खाल्लं. त्या सावकाश वळल्या आणि आमच्याकडे बघितलं. वर्गाकडे बघतात तसं.

"परत," त्या म्हणाल्या. "फक्त तिसरी ओळ. तुम्ही."

पन्नाशीतले बाप्ये, डोक्यावर पदर घेतलेल्या आज्या, मारुती आप्पा, सगळे म्हणायला लागले. पहिल्यांदा चुकलं. टीचरनी स्वतः तो सूर लावून दाखवला, बोट वर नेऊन कुठं जायचं ते दाखवलं. दुसऱ्यांदा थोडं वर गेलं. तिसऱ्यांदा बरोबर लागलं, आणि त्या बरोबर सुरात एकच आवाज खाली राहिलेला मला ऐकू आला. तो माझा होता.

ज्याला पहिल्या दिवशी चूक ऐकू आली होती, तो मी. रोज दहा डबे टेबलावर वाजवून बघताना वीस वर्षांत माझाच कान कधी मोडला, ते मला कळलंच नव्हतं.

टीचरनाही तो आवाज ऐकू आला. त्यांनी मांडवभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर आणून ठेवली.

"नामदेव, उभे राहा. एकटे म्हणा."

अख्ख्या गावासमोर मी उभा राहिलो. भजनात हजार वेळा गायलो असेन, पण असं एकट्यानं कधी नाही. कॅम्पातलं समोरचं घर आठवलं, ती रेकॉर्ड आठवायचा प्रयत्न केला, आणि म्हटलं. चुकलं. लोक हसले. टीचर हसल्या नाहीत, नुसतं बोट वर केलं. मी परत म्हटलं, बोटाकडे बघत. सूर जागेवर लागला तेव्हा तो माझ्या छातीत जाणवला आणि मला लाज वाटत होती तरी डोळे भरून आले.

"बसा," त्या म्हणाल्या. "आता पहिल्यापासून. सगळे."

त्या मुलांकडे वळल्या, हात वर गेले आणि वरून मुलांनी, खालून आम्ही ते गाणं परत धरलं. पहिली ओळ, दुसरी. तिसरी ओळ वर चढली आणि मांडवातला एकूण एक माणूस एकाच सुरावर जाऊन थांबला. टीचरनी हात खाली घेतले. गाणं अजून बाकी होतं, पण त्यांनी ते परत उचलले नाहीत. हात पुढं एकमेकांत गुंतवून, डोळे मिटून त्या ऐकत उभ्या राहिल्या. चौथी ओळ आम्ही आमची आम्हीच म्हटली.